चार बोटं आणि एक वीत

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी आधी हात जोडले. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. घरी मराठी, गल्लीत हिंदी, वर्गात इंग्लिश, अशी आमची थ्री फेज लाइन. मराठी दहावीपर्यंत होतं, पण मार्कांपुरतं. ऱ्हस्व-दीर्घ मी अजूनही नाणं उडवून ठरवतो. तेव्हा चूकभूल देणे घेणे.

तरी लिहायला बसलो, कारण विषय वर्षभर डोक्यात घोळतोय. विषय आहे माइक. स्टेजवर एक जण गातोय, दुसरा माउथ ऑर्गन वाजवतोय, तेव्हा कोणाचा आवाज किती यायला पाहिजे आणि ते ठरवायचं कोणी? तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला! मिक्सरवर माणूस बसलेला असतो, तो बटण फिरवतो, संपलं. गेल्या वर्षीच्या गॅदरिंगपर्यंत मलाही असंच वाटत होतं.

आधी माझ्या माउथ ऑर्गनबद्दल सांगतो. मी नाशिकचा. शाळेत क्वायर शिकवणाऱ्या सिस्टरकडे एक जुना होनर होता. सहावीत असताना त्यांनी तो मला वाजवायला दिला आणि मी तो घरी घेऊन गेलो तो परत द्यायचं नावच घेईना. शेवटी बाबांनी मला चोवीस घरांचा नवा आणून दिला. त्यात प्रत्येक सुराला दोन पट्ट्या असतात, एकमेकींपासून अगदी किंचित बेसूर लावलेल्या, म्हणून तो आवाज थरथरतो. कानाला गोड लागतो आणि गर्दीतही उठून ऐकू येतो. शाळेने अजून एक गोष्ट दिली, ती म्हणजे स्टेजची भीती घालवली. असेंब्ली, इलोक्युशन, ख्रिसमसचा कार्यक्रम, सगळीकडे एकच शिकवण होती : मान वर, आवाज शेवटच्या बाकापर्यंत. आपल्या शेजारी उभा असलेला ऐकू येतोय का, हे मात्र कोणी विचारल्याचं आठवत नाही. किंवा विचारलं असेल, माझं लक्ष नसेल.

माउथ ऑर्गन म्हटलं की आपल्याला सिनेमाच आठवतो. १९५८ च्या ‘सोलवा साल’मध्ये हेमंतकुमारांच्या त्या प्रसिद्ध गाण्यात जो माउथ ऑर्गन आहे तो राहुलदेव बर्मन यांनी वाजवलाय. तेव्हा ते जेमतेम आपल्या वयाचे होते. १९७५ च्या ‘शोले’त अमिताभ रात्री व्हरांड्याकडे बघत वाजवतो ती धून प्रत्यक्षात भानू गुप्ता यांची. या दोन्ही ठिकाणी ते वाद्य किती गरीब, हळवं, एका कोपऱ्यात बसल्यासारखं वाटतं! पण ती स्टुडिओतली किमया आहे. तिथे वादकाने माइकपासून किती लांब उभं राहायचं हे रेकॉर्डिस्ट ठरवतो, नाही जमलं तर परत टेक. स्टेजवर परत टेक नसतो, आणि खरा माउथ ऑर्गन अजिबात गरीब नसतो. ज्यांची रूम माझ्या शेजारी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता माझा रूम पार्टनर. त्याचं नाव लिहायचं नाही असं त्याने बजावलंय, म्हणून पार्टनरच म्हणतो. तो पैठण तालुक्यातल्या एका गावचा. वडील शेती करतात आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. पार्टनर मितभाषी. पहिल्या वर्षी तो गातो हे मला तीन महिने माहीतच नव्हतं. एकदा सकाळी बाथरूममधून एकनाथ महाराजांचा अभंग ऐकू आला आणि मी बादली घेऊन बाहेर तसाच उभा राहिलो. आवाज बारीक, पण सूर असा की पाणी जाईल म्हणून भांडणारी रांगसुद्धा गप्प झाली होती. (बाथरूमच्या टाइल्समुळे प्रत्येकाचा आवाज गोड लागतो, हे खरं. पण आमच्या रांगेत एवढी शांतता दुसऱ्या कोणाला मिळालेली नाही.)

दुसऱ्या वर्षी मी त्याच्या मागे लागून गॅदरिंगला नाव दिलं. एक अभंग आणि त्याला जोडून एक जुनं हिंदी गाणं. तो गाणार, मी वाजवणार, मध्ये हिंदीतलं एक कडवं मीही गाणार. सगळं मीच ठरवलं. पट्टीसुद्धा मी ठरवली, कारण माझा माउथ ऑर्गन पांढरी एकचा. त्याची नेहमीची पट्टी काळी दोन. ‘तीन घरं तर खाली यायचंय, जमेल की,’ असं मी म्हणालो. तो ‘बरं’ म्हणाला. दोघांत एकच माइक घ्यायचा हेही मीच ठरवलं, कारण जुन्या फोटोंत तसं असतं आणि ते भारी दिसतं.

त्याचे वडील पैठणहून एसटीने आले होते. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, दुपारीच पोचले होते. चौथ्या रांगेत कडेला टोपी घालून बसले.

कार्यक्रम नेहमीप्रमाणे उशिरा सुरू झाला. आमचा नंबर यायला पावणेदहा वाजले. खुल्या मैदानात रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो (ध्वनिप्रदूषण नियम, २००० ची कृपा), त्यामुळे रेक्टर सरांचा एक डोळा घड्याळावर. साउंड चेक वगैरे कोणी विचारलं नाही, आम्हीही मागितला नाही. पार्टनरने डोळे मिटून अभंग सुरू केला. पहिलं कडवं ठीक गेलं. मग माझी पाळी आली. यूट्यूबवर ब्लूज वाजवणारे माइक आणि हार्मोनिका दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून वाजवतात ते मी शंभर वेळा बघितलं होतं. मी स्टँडवरचा माइक तसाच ओंजळीत घेतला आणि फुंकलं.

कुईंऽऽऽ!

पहिल्या रांगेतल्या मॅडमनी कान झाकले. मागून ‘ओऽऽ’ असा आपल्या पोरांचा ठरलेला प्रतिसाद आला. मी हात काढला नाही, उलट अजून घट्ट धरला. मिक्सरवरच्या मामांनी आमच्या माइकचा फेडर खाली ओढला. शिट्टी थांबली. मी वाजवतच राहिलो, कारण माउथ ऑर्गन माइकशिवायही दहा रांगा सहज जातो. पार्टनर परत गायला लागला तेव्हा मात्र तोच एक माइक खाली गेलेला, पट्टी त्याची नाही, मंद्रातले सूर आधीच बारीक, आणि शेजारी मी भरीला भरी म्हणून जोरात साथ देतोय. त्याचे ओठ हलत होते. टाळ्या पडल्या. मला वाटलं, वाचलो.

रात्री त्याचे वडील मेसमध्ये आमच्यासोबत जेवले. जेवताना माझ्याकडे बघून म्हणाले, “लय भारी वाजवला बाळा बाजा. आमचं पोरगं काय गायलं ते काय कळलं नाही बघ, पण बाजा भारी वाजला.”

टोमणा नव्हता. ते खरंच कौतुक करत होते. पार्टनर ताटात बघत भाकरी मोडत राहिला. मला पुढचा घास गिळवेना.

साहजिकच मी सगळा दोष माइकवाल्यावर ढकलला. ‘त्या माणसाला ऑपरेटिंगच येत नाही, फालतू सिस्टिम,’ असं मी रूमवर आल्यावर दहा वेळा तरी बोललो असेन. पार्टनर एकदाच म्हणाला, “झोप आता.” मला झोप येईना. शेवटी उठलो आणि तावातावाने मैदानात गेलो. मामा एकटेच केबल गुंडाळत बसले होते. पन्नाशीचे असतील. मी काही बोलायच्या आत त्यांनी एक केबल माझ्या हातात दिली. “आलास तर धर. एक वेटोळं सरळ, एक उलटं. नाहीतर पीळ बसतो.” भांडायला आलेला माणूस केबल गुंडाळायला लागला.

अर्ध्या तासाने मी विचारलं, “मामा, आमचा आवाज का कमी केला?”

“शिट्टी कोण मारत होतं?”

“माइक.”

“माइक कशाला मारतोय. तू मारायला लावत होतास. त्याचं डोकं धरलंस ना मुठीत?” मग त्यांनी एक माइक सोडून दाखवला. जाळीच्या खाली, कॅप्सूलच्या मागच्या बाजूला बारीक झरोके असतात. स्टेजवरचा साधा गाण्याचा माइक समोरचं जास्त ऐकतो आणि मागचं जवळजवळ ऐकत नाही, ते या मागच्या झरोक्यांच्या जोरावर. म्हणून मॉनिटर स्पीकर बरोबर माइकच्या पाठीमागे ठेवतात. तुम्ही जाळी मुठीत धरली की झरोके बंद. मग तो सगळीकडचं ऐकायला लागतो, मॉनिटरचंसुद्धा. तो आवाज परत स्पीकरमध्ये, तिथून परत माइकमध्ये, आणि झाली शिट्टी सुरू.

मित्रहो, लाज वाटण्याची गोष्ट पुढे आहे. त्याच सेमिस्टरला आम्हाला ऑसिलेटर होता. बार्कहॉसेन क्रायटेरियन मी व्हायव्हामध्ये धाडधाड म्हणून दाखवला होता : लूप गेन एक किंवा जास्त, आणि फेज शिफ्ट शून्य किंवा तीनशे साठ अंश. एक्स्टर्नल सर खूश झाले होते. आणि दहा दिवसांनी मी साडेसातशे लोकांसमोर स्वतःच्या ओंजळीत एक ऑसिलेटर बनवला आणि मला तो ओळखू आला नाही!

मग ते ब्लूजवाले कसं करतात? शिकागोचा लिटल वॉल्टर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला असाच माइक ओंजळीत धरून वाजवायचा. त्याचं ‘जूक’ १९५२ चं. पण त्या प्रकारात माइक एका छोट्या ॲम्प्लिफायरला जोडलेला असतो आणि तो फाटलेला, घोगरा आवाज मुद्दाम हवा असतो. काही हार्मोनिका माइकना तर अंगावरच व्हॉल्यूमचं बटण असतं, म्हणजे शिट्टी यायला लागली की वाजवणाराच कमी करतो. मी त्यांची फक्त पोज उचलली होती. आणि माझ्या शेजारी त्याच माइकवर एकनाथ महाराजांचा अभंग चालला होता.

मामांनी जाताना एक सूत्र सांगितलं. “गाणाऱ्याला चार बोटं, बाजाला एक वीत.” म्हणजे गाणाऱ्याचं तोंड माइकपासून चार बोटांवर आणि माउथ ऑर्गन वीतभर लांब. “बटण मी एकदाच लावतो. पुढचं तुम्ही मान हलवून करायचं.”

मी इंजिनिअर (होणारा). मला सूत्राचा पुरावा लागतो. पुढच्या रविवारी आमच्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप घेऊन आम्ही बसलो. मोबाईलचं मोजमाप काही लॅबचं नव्हे, पण फरक कळायला पुरतं. एकाच अंतरावरून पार्टनर अभंग गातो तो आणि मी नेहमीसारखा वाजवतो तो, यात जवळपास १२ डीबीचा फरक आला. १२ डीबी म्हणजे ध्वनीचा दाब चौपट आणि शक्ती सोळापट! मी सोळापट शक्तीनिशी मित्राला साथ देत होतो.

आता अंतराचं गणित. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की पातळी ६ डीबीने उतरते. चौपट केलं की १२. म्हणजे पार्टनर तीन इंचांवर असेल तर मी बारा इंचांवर हवा. चार बोटं म्हणजे तीन इंच, आणि माझी वीत मोजली तर नऊ इंच. तिप्पट अंतर, म्हणजे साडेनऊ डीबी. मामांचं सूत्र अडीच डीबीने कमी पडतंय! मी विजयी मुद्रेने मामांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “मग उरलेलं तू कमी फुंक की.”

जवळ येण्यालाही हिशेब आहे. अशा माइकच्या फार जवळ गेलं की खर्जाचा भाग फुगतो. पार्टनरच्या बारीक आवाजाला दोन-तीन इंचांवर तो भरीवपणा मिळतो, पण ओठ जाळीला टेकले की ‘प’ आणि ‘भ’ धडाधड फुटतात. तो लांब उभा राहायचा, संकोचाने. माइकच्या जवळ जाणं म्हणजे पुढे पुढे करणं, असं त्याला वाटायचं. त्याला चार बोटांवर आणायला मला तीन आठवडे लागले. मला एक वीत मागे जायला त्याहून जास्त.

मध्यंतरी माझ्यातला इंजिनिअर परत उसळला. म्हटलं, मान कशाला हलवायची, माइकच्या वायरमध्येच एक व्हॉल्यूमचा डबा बसवू. गाताना फुल, वाजवताना कमी. पोटेन्शिओमीटर आणला, डबा बनवला. आणि गंमत अशी की बटण अर्धं फिरवलं तरी आवाजात फारसा फरकच कळेना, आणि शेवटच्या टोकाला आवाज धपकन पडायचा. लॅबमधल्या सरांनी डबा उघडून पॉटवरचं अक्षर दाखवलं. बी लिहिलेलं होतं, म्हणजे लिनिअर. आपला कान लॉगॅरिदमिक. लिनिअर पॉट अर्ध्यावर आणला की व्होल्टेज अर्धं होतं, पण कानाच्या हिशेबाने ते फक्त ६ डीबी. व्हॉल्यूमसाठी ए लिहिलेला, लॉग टेपरचा पॉट लागतो. तो अर्ध्यावर आणला की व्होल्टेज साधारण दहा-पंधरा टक्क्यांवर येतं आणि तेव्हा कुठे कानाला ‘अर्धा’ वाटतो. पॉट बदलला. मग दुसरं दुखणं निघालं : माझ्या जोडणीत माइकची बॅलन्स्ड लाइन मोडली होती आणि पन्नास हर्ट्‌झचा हम असा घुमायला लागला की वॉशिंग मशीन चालू आहे की काय असं वाटावं. मामांनी डबा उलटापालटा करून बघितला आणि परत माझ्या हातात दिला. “पोरा, तुला मान दिलीय देवाने. ती वापर.” डबा आता आमच्या रूममध्ये पेपरवेट आहे.

दिवाळीनंतर मी पार्टनरच्या गावी गेलो. मनात धाकधूक होती. रात्री देवळात भजन होतं. काका पेटीवर बसले होते. माइक एकच, तोही गाणाऱ्यापुढे. मी पहिल्यांदा त्यांच्या उजव्या हाताकडे न बघता डाव्या हाताकडे बघितलं. गाणारा शब्द म्हणत असताना भाता जेमतेम हलत होता, सूर नुसता खाली अंथरलेला. ओळ संपली आणि गाणाऱ्याने श्वास घेतला की तेवढ्या जागेत भाता उचलायचा, पेटी वर यायची, आणि पुढचा शब्द सुरू व्हायच्या आत परत खाली. मिक्सर नाही, फेडर नाही. सगळं त्या डाव्या हातात.

परत येताना मी हे वाचलं की पेटी आणि माउथ ऑर्गन ही एकाच कुळातली वाद्यं आहेत. दोन्हींत हवेने थरथरणाऱ्या मोकळ्या पट्ट्या, एकीला भाता, दुसऱ्याला फुफ्फुस. म्हणजे काका बाजा म्हणाले ते बरोबरच होतं. माझा भाता माझ्या छातीत होता आणि मी तो फक्त एकाच पद्धतीने वापरत होतो, शेवटच्या बाकापर्यंत.

आपल्या संगीत नाटकांचा विचार करा. १९११ साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं तेव्हा थिएटरात माइक ही वस्तूच नव्हती. बालगंधर्व भामिनीची पदं उघड्या गळ्याने म्हणायचे. साथीदारांनी जोर लावला असता तर वाचवायला कोणताही मामा मिक्सरवर बसलेला नव्हता. गाणाऱ्याला वाट करून देणं हा वाजवण्याचाच भाग असणार, त्याशिवाय ते जमलंच नसतं.

याच काळात एकदा सगळा ग्रुप वेरूळला गेला होता. दहा नंबरच्या लेण्यात, विश्वकर्मा लेण्यात, ज्याला लोक सुतार की झोपडी म्हणतात, पार्टनरने हळूच एक ‘सा’ लावला. वर दगडात कोरलेल्या फासळ्यांचं उंच छत आहे. तो सूर तिथे फिरत राहिला. पार्टनर थांबला, सूर जाईपर्यंत वाट बघितली, मग पुढचा लावला. माझा हात खिशातल्या माउथ ऑर्गनकडे गेला होता, पण एक तर गार्डकाकांची नजर होती, आणि दुसरं म्हणजे मला समजलं की इथे मी नेहमीसारखं भराभर वाजवलं असतं तर सगळा चिखल झाला असता. जागा काय करतेय ते आधी ऐकावं लागतं. आपलं ऑडिटोरियमही रिकामं असताना घुमतं आणि पोरं भरली की कोरडं पडतं, कारण माणसं आवाज पितात. म्हणून दुपारी रिकाम्या हॉलमध्ये लावलेलं सेटिंग संध्याकाळी तसंच चालेल असं धरू नये.

तर या वर्षीचं गॅदरिंग. मेसच्या सुट्टीचे पैसे वाचवून मी काळी दोनचा माउथ ऑर्गन मागवला. या वेळी पट्टी पार्टनरची. माइक दोन, एक त्याचा, एक माझा, म्हणजे माझ्या चुकीची शिक्षा त्याला नको. मामांनी आधी दोघांकडून सगळ्यात मोठा आवाज काढून घेतला आणि त्यावर गेन लावला. पोरं साउंड चेकला ‘हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग’ असं कुजबुजतात आणि गाताना किंचाळतात, त्याने कसं चालणार? मॉनिटर बरोबर माइकांच्या पाठीमागे. अँकरचे आणि बाकीचे जास्तीचे माइक बंद, कारण उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीच्या आधीची मोकळीक ३ डीबीने घटते. आणि मॉनिटरमध्ये मी एकच गोष्ट मागितली : मला माझा आवाज नको, पार्टनरचा द्या. मामा पहिल्यांदा हसले.

माझा नियम सोपा होता. मला त्याचे शब्द ऐकू येत नसतील तर मी जास्त वाजवतोय. तो गात असताना मी वीतभर मागे, नुसता सूर धरून. त्याने श्वास घेतला की अर्धी वीत पुढे. माझ्या कडव्याला मी चार बोटांवर, तो मागे. आणि हात जाळीपासून लांब! एकदा सवयीने ओंजळ पुढे गेली होती, तेव्हा पार्टनरने गाता गाताच भुवई उडवली. हात मागे आला.

शिट्टी आली नाही. मागून ‘ओऽऽ’ही आलं नाही. अभंगाच्या शेवटच्या कडव्याला तर मी वाजवणंच सोडून दिलं. ठरलेलं नव्हतं. तो इतका छान गात होता की मला मध्ये यावंसं वाटलं नाही. टाळ्या गेल्या वर्षीपेक्षा जास्त होत्या की कमी, खरंच आठवत नाही. एवढं आठवतं की आमच्या मजल्यावरची जी पोरं कधी एका जागी बसत नाहीत ती बसलेली होती.

काका मात्र नव्हते. नाथषष्ठी त्याच आठवड्यात आली. पैठणला दिंड्या आलेल्या, भजनं रात्र रात्र, पेटीवर त्यांच्याशिवाय कोण? पार्टनरने दहाव्या रांगेतून मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. मी तिसऱ्या दिवशी सबमिशन सोडून त्याच्या फोनकडेच बघत होतो. मग फोन आला आणि पार्टनरने स्पीकर ऑन केला.

“ऐकलं रे. समदे शब्द कळले,” काका म्हणाले. मग थोडा वेळ काहीच नाही. मागे टाळ वाजत होते. “आणि त्या बाळाला सांग, दुसऱ्या कडव्याला बाजा अजून थोडा मागं पाहिजे होता.”

“सांगतो,” पार्टनर म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसायला लागला.

रेकॉर्डिंग परत लावून ऐकलं. दुसऱ्या कडव्याला खरंच दोन-तीन डीबी जास्त आहे. अडीच म्हणा!

ज्युनिअर्सनो, पुढच्या वर्षी स्टेजवर चढाल तेव्हा आधी साउंडवाल्या मामांना जाऊन भेटा, शिट्टी झाल्यावर नको. त्यांना पाणी, चहा विचारा. जमलं तर नंतर केबल गुंडाळायला थांबा. एक वेटोळं सरळ, एक उलटं.

हा अंक छापून आला की एक प्रत पैठण तालुक्यात जाणार आहे. इंग्लिश विभागात लिहिलं असतं तर माझे स्पेलिंग तरी बरोबर आले असते, पण मग ज्यांनी वाचायला हवं त्यांना पार्टनरला अर्थ सांगत बसावं लागलं असतं. काका, तुमच्या पोराचा आवाज त्या रात्री माझ्यामुळे तुमच्यापर्यंत पोचला नाही. माइकवाल्याची काही चूक नव्हती.

— तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार अभियांत्रिकी